घोडा डोकं झटकतो? बिट बदलण्याआधी कानामागे बघा

तक्रार साधारण एकाच छापाची असते. घोडा वॉकला (साध्या चालीला) ठीक चालतो, ट्रॉटला (दुडक्या चालीला) लागला की डोकं वर फेकतो, हातातून लगाम ओढून घेतो, मान एका बाजूला तिरकी धरतो, कधी जीभ बाहेर काढतो. मालक नवं बिट, म्हणजे लगामाला जोडलेली तोंडातली दांडी, आणतो. आठ-पंधरा दिवस घोडा शहाण्यासारखा वागतो आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग आणखी एक बिट येतं. वाघोलीपासून मुळशीपर्यंत कुठल्याही तबेल्याच्या टॅक रूममध्ये डोकावा, खिळ्याला अशी तीन-चार बिटं लटकलेली दिसतील: एक पिळाचं, एक साखळीचं, एक पेलम, आणि एखादं कुणीतरी राजस्थानातून हौसेनं आणलेलं. प्रत्येकानं थोडे दिवस काम केलं आणि मग सोडून दिलं.

माझं म्हणणं असं की दुखणं परत परत येतंय म्हणजे ते बहुतेक वेळा बिटमध्ये नसतंच. ते ब्रायडलच्या, म्हणजे डोक्यावर चढवायच्या पट्ट्यांच्या संचाच्या, इतर भागांत असतं: कानामागच्या पट्ट्यात (हेडपीस), कपाळावरच्या ब्राउबँडमध्ये किंवा नाकावरच्या नोजबँडमध्ये. बिट बदलताना या तिन्हींना कुणी हात लावत नाही, म्हणून ते जिथल्या तिथे राहतं.

आधी ब्रायडल काढून बघा

घोड्याला नुसत्या म्होरकीत दोन्ही बाजूंनी दहा-पंधरा मिनिटं लंज करा, म्हणजे लांब दोरीवर गोल फिरवा. तेव्हाही डोकं तसंच झटकत असेल तर दोष ब्रायडलचा नाही, पशुवैद्याला बोलवा. नाकात माशी शिरल्यासारखा खालून वर अचानक झटका, नाक पुढच्या पायाला घासत राहणं, उन्हात जास्त आणि सावलीत कमी, असं दिसलं तर चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नसेचा त्रास असू शकतो. त्याला कुठलाही पट्टा उपयोगी पडत नाही. चरायला सुटणाऱ्या घोड्यांच्या कानात पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचीड सापडते, तीही टॉर्च लावून बघा. बाहेरून कान स्वच्छ दिसतो आणि आत दोन-तीन चिकटलेल्या असतात.

दुसरी गोष्ट दात. घोड्याचा वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असतो आणि दात आयुष्यभर वर सरकत राहतात. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची धार आणि खालच्यांची आतली धार झिजायची राहून टोकदार होते. वर्षातून एकदा दात तपासून घासून घ्यायचे, आणि अडीच ते साडेचार वर्षांच्या घोड्यात, जेव्हा दुधाचे दात पडत असतात, तेव्हा दोनदा. वरच्या दाढांच्या पुढे कधीकधी बारीकसा वुल्फ टूथ असतो. बिट त्याच्यावर आपटलं की तोंडात काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. पुण्यात घोड्यांचे डॉक्टर रेसकोर्सच्या आसऱ्यानं मिळतात, आणि शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयही फार लांब नाही. दाताचा खर्च टाळून त्याच पैशात बिट आणणारे लोक बघितले की मला गंमत वाटते. घोड्याला अर्थात वाटत नसणार.

म्होरकीत शांत, दात ठीक, आणि ब्रायडल चढवलं की डोकं झटकणं सुरू, अशी परिस्थिती असेल तरच पुढचं वाचा.

मग नवं बिट काही दिवस का चालतं?

कारण दाब नव्या जागी पडतो. आधीच्या बिटनं ओठाचा एक कोपरा दुखत होता, नव्यानं दुसरीकडे दाबायला सुरुवात केली. जुनी जागा तोवर थोडी शांत होते, नवी अजून दुखायला लागलेली नसते, आणि घोडा गोंधळून जरा जपून चालतो. आपण त्याला सुधारणा म्हणतो. शिवाय नवं बिट लावताना चीकपीसची (गालावरून बिटपर्यंत येणाऱ्या पट्ट्यांची) बकलं एकदा तरी सोडून पुन्हा लावली जातात आणि एखादं भोक नकळत मागेपुढे होतं. फरक कधीकधी त्या भोकाचा असतो, श्रेय मात्र बिटला जातं.

कानामागे

ब्रायडलचा सगळा भार हेडपीसवर असतो. रायडरनं लगाम धरला की बिटच्या प्रकाराप्रमाणे त्यातला काही दाब तिथे पोचतो, आणि पेलमसारख्या शँकच्या (तोंडाबाहेर खाली उतरणाऱ्या दांड्यांच्या) बिटमध्ये तो जास्तच पोचतो. हेडपीस बसतो तिथे कवटी संपते आणि मानेचा पहिला मणका, अ‍ॅटलस, सुरू होतो. कानामागून बोटं खाली सरकवलीत तर या मणक्याचे दोन पंख दोन्ही बाजूंना हाताला लागतात. पट्ट्यानं या पंखांवर चढायचं नाही आणि पुढे कानाच्या मुळावरही टेकायचं नाही. मधली जागा अरुंद आहे आणि तिथेच तो बसला पाहिजे.

तो तिथे न बसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे तोकडा ब्राउबँड. ब्राउबँड आखूड असला की तो हेडपीसला दोन्ही बाजूंनी पुढे ओढतो आणि पट्ट्याची कड थेट कानाच्या मुळात रुतते. घोडा कान सतत फिरवत असतो, आवाज येईल तिकडे, रायडर बोलेल तिकडे. प्रत्येक वेळी ती कड त्या मऊ कुर्चेवर घासते. याच पट्ट्याची टोकं कानाखाली जिथे येतात तिथे जबड्याचा सांधा आहे. तो दाबला गेला की घोडा जबडा सैल सोडत नाही, आणि जबडा आवळलेल्या घोड्याला आपण कडक तोंडाचा म्हणतो.

तपासायची पद्धत सोपी आहे. घोडा उभा करा, ब्रायडल चढवा, नोजबँड सोडून टाका. ब्राउबँडखालून कपाळावर एक बोट आरामात फिरलं पाहिजे. मग कानामागे, हेडपीस आणि कानाचं मूळ यांच्यामध्ये बोट घाला. घालताना घोडा डोकं वर घेत असेल तर उत्तर जवळजवळ मिळालंच. खात्री करायची असेल तर ब्राउबँड हेडपीसमधून पूर्ण काढा आणि ब्रायडल त्याच्याशिवाय चढवा. हेडपीस आपोआप दोन-एक सेंटिमीटर मागे सरकून बसला तर ब्राउबँड तोकडा होता. अनेक घोडे या क्षणी मान खाली सोडतात आणि तोंड चघळायला लागतात.

सईस अशा वेळी हमखास सांगतात, “साहेब, हा कान धरूच देत नाही, पहिल्यापासून असाच आहे.” त्यांना खोटं पाडू नका, विचारा की दोन्ही कान धरू देत नाही की एकच. एकच असेल, आणि तो डावा असेल, तर चीकपीसची भोकं मोजा. आपण घोड्याच्या डाव्या बाजूला उभं राहून ब्रायडल चढवतो, त्यामुळे घट्ट-सैल करायचं झालं की डावंच बकल हाताशी येतं. वर्षभरात डावी बाजू उजवीपेक्षा दोन भोकं वर गेलेली असते. बिट एका बाजूला उंच, हेडपीस तिरका, ब्राउबँड कपाळावर कलंडलेला. घोडा मान तिरकी धरतो याचं कारण शोधत लोक पार पाठीच्या मणक्यापर्यंत जातात, आणि इथे दोन्ही बाजूंची भोकं सारखी केली की निम्मं काम होतं. सारखी केल्यावर हेडपीस डोक्याच्या बरोबर मध्यावर आहे ना, हे समोरून उभं राहून बघा.

कान आणि कपाळ घोड्याच्या जातीप्रमाणे फार बदलतं, आणि आपल्याकडे एकाच तबेल्यात तीन जाती नांदतात. दत्तजयंतीच्या सुमाराला सारंगखेड्याच्या बाजारातून आलेला मारवाडी किंवा काठियावाडी घोडा घ्या. कान आत वळलेले, टोकं जवळजवळ एकमेकांना भिडणारी, कपाळ रुंद आणि खाली तोंड निमुळतं. तोंडाकडे बघून दुकानदार कॉब साइझ (पोनीहून मोठं, फुलहून लहान माप) देतो. ती नाकाला बरोबर बसते आणि कपाळावर आवळते. अशा घोड्याला चीकपीस कॉब आणि ब्राउबँड फुल साइझचा असा मिश्र संच लागतो. भीमथडी घोडी बुटकी, डोकं लहान, तिला कॉबसुद्धा मोठी पडते आणि लोक जास्तीची भोकं पाडून निभावतात. भोकं पाडल्यावर बकल डोळ्याच्या खाली टेकतं की कानाखालच्या सांध्यावर, हे बघायचं राहून जातं. रेसमधून निवृत्त झालेल्या थरोब्रेडचं डोकं लांब आणि अरुंद, त्याला बहुधा फुल साइझ चालते. त्याची अडचण वेगळी आहे, ती पुढे सांगतो.

लग्नसराईत नवरदेवाला नेणाऱ्या घोडीचं आणखी एक. आरसे, गोंडे, झालर लावलेला तो कपाळपट्टा जड असतो आणि हलू नये म्हणून दोरीनं कानामागे करकचून बांधतात. ती घोडी बँडच्या आवाजानं डोकं उडवते असं सगळे म्हणतात. बँडचा त्रास असतोच. पण वरात संपल्यावर तिच्या कानामागे हात लावून बघा.

नोजबँड: दोन बोटं नेमकी कुठे

दोन बोटांचा नियम सगळ्यांना पाठ असतो, आणि जवळजवळ सगळे तो चुकीच्या जागी लावतात. हनुवटीखाली किंवा गालाच्या बाजूला बोटं घातली की मांस दबतं आणि बोटं आत जातात, पट्टा कितीही घट्ट असला तरी. दोन बोटं नाकाच्या हाडावर, समोरून, एकावर एक न चढवता जायला हवीत. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघानं 2025 पासून आपल्या स्पर्धांत यासाठी मोजपट्टीच आणली आहे. नाकाच्या हाडावर 1.5 सेंटिमीटर जागा असलीच पाहिजे, कुणाची बोटं जाड की बारीक हा वादच नको. घरी तशीच पट्टी लाकडाच्या तुकड्यातून घासून घेता येते.

जागाही महत्त्वाची. गालावर जे हाड उभं जाणवतं त्याच्या खालच्या टोकापासून दोन बोटं खाली साधा नोजबँड, म्हणजे कॅव्हसन, बसतो. त्याहून वर गेला तर हाडावर घासतो. खाली फ्लॅश (तोंड बंद ठेवणारा जोडपट्टा) जोडला असेल तर तो कॅव्हसनला नाकाच्या मऊ भागाकडे ओढतो. ड्रॉप नोजबँड (बिटच्या खालून बांधतात तो) नाकपुडीच्या वर किमान चार बोटं, हाडावरच हवा. घोडा तोंडानं श्वास घेऊ शकत नाही, त्याला नाक हा एकच रस्ता आहे. तिथे पट्टा दाबत असेल तर कँटरला (हलक्या दौडीला) तो डोकं झटकणार नाही तर काय करणार? आणि दातांच्या त्या टोकदार धारा आठवा. घट्ट नोजबँड गाल आतून त्याच धारांवर दाबून धरतो.

कारण शोधायचं असेल तर मी एक आठवडाभर नोजबँड काढूनच टाकतो. “मग तोंड उघडेल ना?” उघडू द्या. तो कधी, कुठल्या वळणावर, कुठल्या लगामावर तोंड उघडतो, तीच तर माहिती आपल्याला हवी असते. तोंड बांधून टाकलं की तीच तक्रार मानेतून बाहेर येते आणि शोधायला अवघड जाते. फक्त स्टँडिंग मार्टिंगेल (डोकं फार वर जाऊ नये म्हणून लावतात तो पट्टा) लावत असाल तर ते नोजबँडलाच अडकवलेलं असतं, तेही त्या आठवड्यापुरतं काढावं लागेल. घोडा खूपच वर डोकं फेकणारा असेल तर हे बंदिस्त मॅनेजमध्येच (सवारीच्या रिंगणातच) करा, रस्त्यावर नाही.

आता बिट

ओठाच्या कोपऱ्यात एक-दोन सुरकुत्या दिसल्या म्हणजे उंची बरोबर, असं आपण शिकलो. सुरुवात म्हणून ठीक आहे. पण जाड ओठांच्या घोड्याला दोन सुरकुत्या पडतात तेव्हा बिट अजून खालीच लोंबत असतं, आणि पातळ ओठांच्या थरोब्रेडला दोन पडेपर्यंत कोपरा ताणलेला असतो. ओठ बाजूला करून आत बघा. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये जो मोकळा हिरडीचा भाग आहे, तिथे बिट बसायला हवं. नर घोड्यात त्याच भागात सुळे असतात, त्यांना ते लागायला नको. फार वर असलं तर लगाम सोडला तरी कोपऱ्यावरचा ताण सुटत नाही. मग हात हलका ठेवण्याचा घोड्याला काहीच उपयोग नाही, त्याला हात आणि सुट्टी यातला फरकच कळत नाही.

रुंदीसाठी गुळगुळीत लाकडी दांडी तोंडात आडवी धरा, दोन्ही ओठांच्या कडेला खूण करा, पट्टीनं मोजा. लूज रिंगला (सुटी फिरणारी कडी असलेल्या बिटला) प्रत्येक बाजूला साधारण 5 मिलिमीटर जास्तीची जागा द्यायची, नाहीतर रिंगच्या भोकात कातडी चिमटते. एगबटसारख्या पक्क्या कडीच्या बिटला त्याहून कमी पुरते. बाजारात 5 इंच म्हणजे 127 मिलिमीटर हे सगळ्यात सहज मिळतं, म्हणून सगळ्यांना तेच दिलं जातं. भीमथडीला ते दोन्ही बाजूंनी बाहेर लोंबतं, एकाच सांध्याचं असेल तर आत दुमडून सरकतं आणि एका लगामावर पूर्ण एका बाजूला निघून जातं.

जाड बिट म्हणजे मऊ बिट, हाही एक हट्टी समज. मोठी जीभ आणि सखल टाळू असलेल्या घोड्याला 18 मिलिमीटरचं जाड बिट ठेवायला तोंडात जागाच नसते. तो जीभ बाहेर काढतो ती म्हणून.

रेसमधून आलेल्या घोड्याची अडचण ही की त्याला लगामावर टेकून पळायची सवय लावलेली असते. जॉकीनं पकड घट्ट केली की हा पुढे झोकून देतो. पुण्याचा पावसाळी हंगाम संपला की असे घोडे सवारीच्या तबेल्यांत येतात, आणि नवा मालक घाबरून जितकं ओढतो तितका घोडा जोरात जातो. त्याला कडक बिट देणं म्हणजे आगीत तेल. साधं स्नॅफल (शँक नसलेलं बिट), बरोबर बसलेलं ब्रायडल, आणि धरून सोडणारा हात, एवढ्यावर काही महिने काढावे लागतात. याला दुसरा रस्ता मला माहीत नाही.

काटेरी बिटाबद्दल एकच वाक्य: 1965 च्या भारवाहू जनावरांच्या नियमांनी काटे, गाठी किंवा टोकं असलेलं बिट वापरायला बंदी आहे, तेव्हा ते खिळ्यावरूनही काढून टाका.

थ्रोटलॅचवर (गळ्याखालून जाणाऱ्या पट्ट्यावर) वेळ घालवू नका. गळ्यापाशी उभी मूठ मावली की झालं.

बसवून झालं, तरी महिन्याभरात परत का?

हा खरा प्रश्न, कारण इथेच सगळे हरतात. एका शनिवारी कुणी जाणकार येऊन ब्रायडल नीट बसवून देतो, घोडा सुधारतो, आणि मग टॅक धुण्याचा दिवस येतो. पाच ब्रायडल सुटी होतात, सगळे पट्टे एका घमेल्यात, ग्लिसरीन साबणानं पुसून दोरीवर. संध्याकाळी जोडताना जे हाताला लागेल ते लागतं. मारवाडीचा फुल साइझ ब्राउबँड थरोब्रेडच्या ब्रायडलवर जातो, मारवाडीला पुन्हा कॉब. भोकं अंदाजानं. सईसला दोष देऊन काय उपयोग, पट्ट्यांवर ओळख पटेल असं काही नसतंच.

उपाय दहा रुपयांचा आहे. प्रत्येक घोड्याचा एक रंग ठरवा आणि त्या रंगाच्या जाड दोऱ्याचे दोन टाके ब्राउबँड, हेडपीस, दोन्ही चीकपीस आणि नोजबँडच्या आतल्या बाजूला घाला. वापरायच्या भोकाशेजारी चामड्यावर बारीक खूण करा. आणि बरोबर बसलेल्या ब्रायडलचे समोरून आणि दोन्ही बाजूंनी असे तीन फोटो काढून सईसच्या मोबाइलवर ठेवा. लिहिलेल्या सूचना कुणी वाचत नाही, फोटो बघतात.

दुसरं कारण आपला पावसाळा. जून ते सप्टेंबर चामडं भिजतं, ताणतं, बुरशी येते, मग कुणीतरी उन्हात वाळवतं आणि ते कडक होतं. कडक झालं म्हणून त्यात तेल ओततात, तेल जास्त झालं की ते मऊ पडून पुन्हा ताणतं. दोन चीकपीस सारखे ताणतील याची काही खात्री नाही. म्हणून या महिन्यांत भोकं मोजून समाधान मानू नका, दोन्ही चीकपीस काढून एकमेकांशेजारी लटकवून लांबी बघा. वाळवायचं ते सावलीत, वाऱ्यावर.

नवं घ्यायचं असेल तर

कानपूरहून येणारे तयार संच चांगले असतात आणि स्वस्त पडतात, पण पोनी, कॉब, फुल या नावांवर विसंबू नका. शिंप्याची टेप घ्या. ओठाच्या एका कोपऱ्यापासून कानामागून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत. एका कानाच्या मागच्या कडेपासून कपाळावरून दुसऱ्यापर्यंत. आणि नाकाभोवती, जिथे कॅव्हसन बसणार तिथे. ही तीन मापं आणि दांडीनं घेतलेली बिटची रुंदी दुकानदाराला पाठवा आणि सुटे भाग मागा. चीकपीस असे निवडा की बकल मधल्या भोकात येईल, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे जागा राहते. फक्त ब्राउबँड तोकडा असेल तर नवा संच घेऊच नका. पेठेत चामड्याच्या पिशव्या-पट्टे शिवणाऱ्या कुठल्याही कसलेल्या कारागिराला जुना नमुना आणि माप द्या, तो शिवून देईल. टाके आतल्या बाजूला टोचणार नाहीत एवढं बजावा.

सगळं बरोबर झालं तरी घोडा पहिल्या दिवशी बदलेलच असं नाही. दुखण्याची आठवण दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकते, आणि तो काही आठवडे ब्रायडल बघून डोकं वर घेईल. त्या काळात ब्रायडल चढवताना कान मुरडून पट्ट्यातून ओढू नका. हेडपीस वरून पुढे आणा आणि एकेक कान पुढच्या दिशेनं हलकेच बाहेर काढा. महिन्याभरानंतरही सवारीत डोकं उडतच असेल आणि दात, कान, पट्टे सगळं तपासून झालं असेल, तर खोगीर बघा, आणि कुणाकडून तरी आपल्या हाताचा व्हिडिओ काढून घ्या.

ओठाचा कोपरा फाटलेला किंवा लाल दिसला तर या सगळ्याच्या आधी बिट बंद. कातडी पूर्ण भरेपर्यंत म्होरकीत लंज करा, हातात धरून चालवा. अर्धवट भरलेल्या कोपऱ्यावर पुन्हा बिट लावलं की ती जागा जाड होते आणि घोडा तिथला हलका हात ओळखेनासा होतो.